पत्रा, हुक आणि सातबारा

१४ डिसेंबर २०२४ ला चिडो नावाचं चक्रीवादळ हिंदी महासागरातल्या मायोट बेटावर आदळलं आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू झाला, जो मी २०२० च्या निसर्ग वादळानंतर ऐकला होता, २०२१ ला तौक्तेनंतर ऐकला होता आणि बहुतेक पुढच्या मे-जूनमध्येही ऐकणार आहे. वादात पार्ट्या तीनच. एक म्हणते, सगळ्यांना सिमेंटचं घर बांधून द्या, स्लॅब टाका, विषय संपला. दुसरी म्हणते, आपले पूर्वज मूर्ख होते का, त्यांची घरं शेकडो वर्षं उभी होती, तसंच बांधा. आणि तिसरी, जी स्वतः बहुतेक वेळा पुण्यात बाराव्या मजल्यावर राहत असते, ती म्हणते की अशा जागी लोक राहतातच कशाला, उठवा तिथून. तिघांच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच वाद संपत नाही. पण तिघेही एक प्रश्न विचारायचा विसरतात: ते घर कोणाच्या नावावर आहे?

मी शिकलो सिव्हिल, नोकरी केली क्वांटिटी सर्व्हेयरची, म्हणजे किती सिमेंट किती सळई किती पैसे याचा हिशोब ठेवणारा माणूस, आणि त्यातली साडेतीन वर्षं मॉरिशसमध्ये गेली. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. बेटावरचं घर कशाचं बांधलंय याला महत्त्व आहे, पण ते दुसऱ्या नंबरचं. पहिल्या नंबरला दोन गोष्टी. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला नीट बांधलेली आहे का, आणि ते बांधून घ्यायचा पैसा, हक्क आणि कागद त्या घरात राहणाऱ्याच्या हातात आहे का. यातली पहिली गोष्ट स्वस्त आहे आणि जगाला माहीत आहे. दुसरी महाग आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी वाऱ्याचं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, त्याचा दाब होतो एका चौरस मीटरला साधारण सत्तर किलो. ताशी अडीचशेच्या वाऱ्याचा होतो तीनशे किलो. आता छपरावरचा पत्रा चौरस मीटरला पाचेक किलोचा असतो. आणि वारा पत्रा नुसता ढकलत नाही, वरून जाताना तो उचलतो, कडेला आणि कोपऱ्यात तर दीडपट-दुप्पट जोराने उचलतो. त्यात एखादी खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि आतूनही छप्पर वर ढकलायला लागतो. म्हणजे पाच किलोच्या वस्तूला सत्तर किंवा तीनशे किलो वर ओढत असतात, तिला जागेवर ठेवतं काय? तिचं वजन तर नक्कीच नाही. ठेवतो तो हुक, तो स्क्रू, ती पट्टी. पत्र्यापासून रिपेला, रिपेपासून वाशाला, वाशापासून भिंतीला आणि भिंतीपासून पायाला, एक साखळी. त्यातली जी कडी कच्ची तिथून घर उघडणार.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं निसर्गनंतर, श्रीवर्धन तालुक्यात मावशीच्या वाडीत. रस्ते मोकळे व्हायला, पास मिळायला वेळ लागला (लॉकडाऊनच होता तेव्हा), आम्ही पोचलो तर सुपारीची अर्धी बाग आडवी आणि घराचे पत्रे शेजारच्या नारळीच्या शेंड्यात. एक पत्रा उचलून बघितला. खिळ्यांची भोकं गोल राहिलीच नव्हती, शर्टाच्या काजासारखी लांब झाली होती, म्हणजे खिळा तुटला नाही, वाकलाही नाही, तो रिपेतच राहिला आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून ओढून निघाला. खिळ्याच्या डोक्याखाली चकत्या, म्हणजे वायसर, नव्हतेच. वासे जागेवर, आढं जागेवर, भिंतीला चीरसुद्धा नाही. चार घरं पलीकडे एकाने गोठ्याला जे-हुक, म्हणजे इंग्रजी जे अक्षरासारखे वाकलेले, रिपेला खालून धरणारे हुक, मारलेले, कडेला तर जवळजवळ प्रत्येक पन्हाळीला एक, त्याचा गोठा जसाच्या तसा. माणसं उघड्यावर आणि गुरं कोरडी! मावशी म्हणाली, "त्याच्या म्हशीला विचारते, जागा आहे का."

आता पहिली पार्टी, स्लॅबवाले. यांचा मुद्दा सगळ्यात तगडा आहे आणि त्याचा सगळ्यात तगडा पुरावा मी स्वतः राहून आलोय. मॉरिशस. १८९२ च्या एप्रिलमध्ये तिथे वादळ झालं, बाराशेच्या आसपास माणसं मेली, राजधानी पोर्ट लुईचा मोठा भाग जमीनदोस्त. १९६० ला जानेवारीत ॲलिक्स आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल, झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत, ४२ माणसं गेली आणि हजारो घरं नुसती पुसली गेली. मग लोकांनी धसका घेतला आणि काँक्रीटकडे वळले. १९७५ ला जर्वेज आलं, त्याचे झोत ताशी २८० किलोमीटरचे, म्हणजे कॅरोलपेक्षा जास्त, आणि मृत्यू दहाच्या आसपास. यात नुसतं काँक्रीट नाही, इशाऱ्याची पद्धत सुधारली, रेडिओ घरोघरी आला, पण काँक्रीटचा वाटा नाकारणं म्हणजे डोळ्यावर कातडं ओढणं आहे. चार इंची स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलोची असते आणि सळईने खाली बांधलेली असते, तिला उचलायला वाऱ्याला खरंच कष्ट पडतात.

पश्चिमेला कास्काव्हेल नावाचं गाव आहे, मराठी लोकांचं जुनं गाव, १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी. तिथल्या एका आजींकडे मी गणपतीला जायचो (गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, हे ऐकून मी पहिल्या वर्षी भारावून गेलो होतो). आजींचं मराठी म्हणजे आरतीतलं मराठी, बाकी सगळं क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, पण घराचा इतिहास त्या तीन शब्दात सांगायच्या: लकाज लापाय, लकाज तोल, लकाज बेतों. गवताचं घर, पत्र्याचं घर, काँक्रीटचं घर. कॅरोलच्या वेळी त्या आठ वर्षांच्या, घर लापायचं. वारा पिसाटला, मग एकदम थांबला, वादळाचा डोळा बेटावर आला होता, कित्येक तास शांत. लोक बाहेर आले, कोंबड्या शोधायला लागले, पत्रे गोळा करायला लागले. आणि मग वारा उलट्या बाजूने आला. आजी दोन्ही हातांनी करून दाखवायच्या, आधी असा, मग असा. त्यांचं अर्धं घर पहिल्या वाऱ्याने गेलं होतं, उरलेलं अर्धं, जे सगळ्यांना वाटलं वाचलं, ते दुसऱ्याने.

तर मग स्लॅब टाका म्हणणाऱ्यांना मी विरोध का करतोय? कारण मॉरिशसची गोष्ट "काँक्रीट आलं आणि लोक वाचले" एवढीच सांगितली की ती खोटी होते. काँक्रीट आपोआप आलं नाही. कॅरोलनंतर सरकारने घरांच्या वसाहती उभ्या केल्या, त्यांना तिथे सिते म्हणतात, त्यात बेघर झालेल्यांना जागा दिली. म्हणजे आधी पायाखालची जमीन आणि नावावर दार, मग भिंत. पुढे साखरेचा पैसा आला, कापडाच्या फॅक्टऱ्या आल्या, पगार नियमित झाले, आणि पगार नियमित असला की कर्ज मिळतं, कर्ज मिळालं की स्लॅब पडते. आजींच्या मिस्टरांनी घर सोळा वर्षांत बांधलं, एकेक खोली करत, आणि वरती सळया अजून बाहेर काढून ठेवलेल्या आहेत नातवाच्या मजल्यासाठी, अगदी आपल्याकडच्यासारख्या. ही सोळा वर्षं त्यांना मिळाली कारण जमिनीवरून कोणी त्यांना हाकलणार नव्हतं. ज्याला उद्या बुलडोझर येईल की काय ही भीती आहे तो स्लॅब टाकेल? वेडा आहे का तो? तो पत्राच ठोकणार, आणि तोही असा की काढून नेता येईल. मॉरिशसमध्येसुद्धा सरकारी जमिनीवर पत्र्याच्या झोपड्या आहेत, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यातल्या काही पाडल्या गेल्या. एकाच बेटावर, एकाच वादळाच्या वाटेत, एक घर बेतों आणि एक तोल, आणि दोघांच्यातला फरक इंजिनियरिंगचा नाही.

शिवाय काँक्रीटची बिलं नंतर येतात, हेही हिशोबनीस म्हणून सांगायला पाहिजे. घाईत उभारलेल्या काही वसाहतींत तब्येतीला घातक अशा ॲस्बेस्टॉसची घरं होती, ती काढा म्हणून लोक पुढे कित्येक दशकं मागे लागले होते. काँक्रीटला वाळू लागते, ती वर्षानुवर्षं लगूनमधून, म्हणजे किनारा आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यातून काढली. म्हणजे वाऱ्यापासून घर वाचवायला जी वाळू वापरली ती त्याच किनाऱ्याची, जो लाटांपासून गाव वाचवतो. २००१ मध्ये ते बंद केलं, आता दगड दळून वाळू करतात. आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईत गाड्या रस्त्यावरून वाहत गेल्या, घरं सगळी मजबूत, पण पाण्याला मुरायला जागाच नाही. मला काँक्रीट वाईट म्हणायचं नाहीये, मीच त्याच्यावर पोट भरलंय. पण "स्लॅब टाका" हे उत्तर नाही, ते उत्तराचं शेवटचं पान आहे, आणि आधीची सगळी पानं फाडून आपण ते एकटंच वाचतोय.

दुसरी पार्टी, पूर्वजवाले. यांच्याबद्दल मला मनातून जिव्हाळा आहे, खोटं कशाला बोलू, कोकणातलं चौपाखी घर बघितलं की मलाही बरं वाटतं, आणि ते नुसतं भावनिक नाही. चौपाखी छप्पर चारही बाजूंनी उतरतं, वाऱ्याला उभी त्रिकोणी भिंत सापडत नाही, म्हणून ते दुपाखीपेक्षा वादळात चांगलं टिकतं, कॅरिबियनमधले बांधकामाचे नियमही हेच सांगतात, उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा, वळचण फार बाहेर काढू नका, आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा म्हणजे गेली तर पडवी जाईल, घर नाही. बर्म्युडात तर चुनखडीच्या लाद्यांची पांढरी जड छपरं शेकडो वर्षं चालत आलीत, आणि त्या छपरावरचंच पावसाचं पाणी लोक पितात, त्यामुळे छपराची निगा आपोआप राखली जाते, कारण छप्पर बिघडलं तर पाणी बिघडणार. हे मला फार आवडतं. आणि फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला बतानेस नावाची बेटं आहेत, टायफूनच्या हमरस्त्यावर, तिथल्या इवतान लोकांची घरं म्हणजे मीटरभर जाडीच्या दगड-चुन्याच्या भिंती, बुटकी दारं, वर जाड गवताचं छप्पर, आणि मोठं वादळ यायच्या आधी छपरावर दोरांचं जाळं टाकून आवळतात. काय सुंदर उत्तर आहे! गवतसुद्धा उडत नाही, कारण ते बांधलेलं असतं.

पण २७ जुलै २०१९ ला पहाटे त्याच बतानेसमधल्या इत्बायात बेटावर भूकंप झाला, आणि सकाळी परत झाला, आणि त्याच दगडी भिंती लोकांवर पडल्या. नऊ माणसं मेली. ज्या जाडीने शेकडो टायफून परतवले तीच जाडी अंगावर आली. मग पूर्वज चुकले का? नाही, त्यांनी ज्या शत्रूसाठी भिंत बांधली त्याला ती पुरली. पण "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की ते सोनंसुद्धा एकाच बाजारात चालतं. दुसरं, त्या गवताच्या छपराला मजूर नव्हे, गाव लागतं. गवत कापायला, वाळवायला, चढवायला, दोर आवळायला सगळ्यांचे हात लागतात, त्याची उसनवारी असते, आज तुझं उद्या माझं. आपल्याकडे कौलं शाकारायला अख्खी आळी यायची तसंच. आळीतली पोरं आता कुठे आहेत? नालासोपाऱ्याला आणि डोंबिवलीला. मावशीच्या गल्लीत साठीच्या खालचा माणूस शोधायला लागतो, शाकारणार कोण? वस्तू परंपरेची आणता येते, हात आणता येत नाहीत, आणि हाताशिवाय ते घर म्हणजे नुसतं फोटो काढायचं घर.

तिसरी पार्टी. यांचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो: घरापेक्षा जीव मोठा. बांगलादेशाने हे करून दाखवलंय, १९७० च्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसं गेली, १९९१ ला एक लाख अडतीस हजार, आणि मग निवारे, सायकलवरून भोंगा घेऊन फिरणारे स्वयंसेवक, इशारे हे सगळं वाढत गेलं आणि २००७ च्या सिद्रमध्ये आकडा साडेतीन हजारांच्या आसपास आला. साडेतीन हजार काही कमी नाहीत, पण लाखांशी तुलना करा. निवाऱ्याला तोड नाही. फक्त निवाऱ्यातून सकाळी बाहेर पडल्यावर माणूस जातो कुठे? गरिबाचं घर हीच त्याची बँक असते, त्यात त्याची सोळा वर्षांची बचत पत्रा-विटांच्या रूपात ठेवलेली असते. जीव वाचला आणि घर गेलं म्हणजे तो परत शून्यावर, आणि पुढच्या वादळाला तो आणखी कच्चं घर घेऊन सामोरा जाणार. "जीव वाचला ना, घराचं काय एवढं" हे वाक्य होमलोन फिटलेला माणूसच बोलू शकतो.

आणि "उठवा तिथून"? कॅरिबियनमधल्या बार्ब्युडाचं उदाहरण बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा वादळाने तिथली बहुतेक सगळी घरं मोडली, दीड-पावणेदोन हजार लोकांचं अख्खं बेट रिकामं करून शेजारच्या अँटिग्वात नेलं. तोपर्यंत योग्यच होतं. पण बार्ब्युडात गुलामगिरी संपल्यापासून जमीन सगळ्यांची सामाईक होती, कोणी विकू शकत नव्हतं, २००७ मध्ये तसा कायदाही झाला होता. लोक बेटाबाहेर असतानाच सरकारने खाजगी मालकीची भाषा सुरू केली, पुढे कायदा बदलला, आणि आज तिथे श्रीमंतांचे रिसॉर्ट उभे राहतायत. गंमत बघा, जी जमीन मासेमाराला राहायला धोक्याची होती ती टुरिस्टला राहायला धोक्याची नाही. समुद्र वर चढतोय, काही बेटं खरंच सोडावी लागतील, हे मी नाकारत नाही, सुंदरबनातल्या घोडामारा बेटाचा निम्म्याहून जास्त भाग पाण्यात गेलाय, तिथे हुक मारून काय उपयोग. पण "इथे राहू नका" हे जो सांगतो त्याने आधी "मग तिथे कोण राहणार" हे सांगायला हवं.

आता परत मायोटला येऊ, जिथून सुरुवात केली. ते फ्रान्सचं आहे, म्हणजे कागदोपत्री युरोपचा तुकडा. वादळाआधी तिथले साधारण एक तृतीयांश लोक बांगांमध्ये, म्हणजे पत्र्याच्या झोपड्यांमध्ये, राहत होते, त्यात शेजारच्या कोमोरोस बेटांवरून विनापरवाना आलेले पुष्कळ. चिडोचे झोत ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते, डोंगरउतारावरच्या अख्ख्या वस्त्या दिसेनाशा झाल्या. इशारा मिळाला होता, निवारे उघडले होते, तरी अनेक लोक निवाऱ्यात गेले नाहीत, का, तर कागद नाहीत, पोलीस पकडतील ही भीती. म्हणजे वादळापेक्षा खाकीची भीती जास्त, हे आपल्याकडच्या कुठल्याही झोपडपट्टीत सांगा, लोकांना लगेच कळेल. सरकारी आकडा चाळीसच्या आसपास मृतांचा. आणि नंतर काय झालं? २०२५ च्या सुरुवातीला नियम आला की पत्रा विकत घ्यायचा असेल तर ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवा. बेकायदा वस्त्या परत उभ्या राहू नयेत हा हेतू. हेतू मला कळतो, मी सरकारी माणूस असतो तर कदाचित मीही हेच सुचवलं असतं. पण याचा परिणाम काय होणार? माणूस हवेत विरघळणार नाही. तो जुना, भोकं पडलेला, एकदा उडून आलेला पत्रा उचलणार आणि त्याच भोकांत परत खिळे मारणार. दुसरं वादळ त्याच्यासाठी आधीच आत येऊन बसलेलं असेल.

याच्या शेजारी कॅरिबियनमधलं डोमिनिका बेट ठेवा. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया वादळ ताशी २६० हून जास्त वेगाच्या वाऱ्याने आलं तेव्हा खुद्द पंतप्रधान रुझवेल्ट स्केरिट यांनी फेसबुकवर लिहिलं की माझं छप्पर गेलं, मी वादळाच्या हवाली आहे. देशातल्या जवळजवळ नव्वद टक्के इमारतींच्या छपरांचं नुकसान झालं. देशाचा विमा होता, एकोणीस दशलक्ष डॉलर लगेच मिळाले, नुकसान मात्र तेराशे दशलक्ष डॉलरच्या घरात. मग नवी काँक्रीटची घरं कशातून बांधली? मोठा हिस्सा परदेशी श्रीमंतांना नागरिकत्व विकून. एका बेटावर पासपोर्ट विकून छप्पर, दुसऱ्या बेटावर पासपोर्ट नाही म्हणून पत्रा नाही. मला सांगा, हा प्रश्न सिमेंटचा आहे का गवताचा?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: कागदाचा प्रश्न सुटायला पन्नास वर्षं लागतील, वादळ पुढच्या वर्षी येणार, तोवर काय? तोवर फिजीने केलं तसं काहीतरी. २० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन वादळ आलं, ४४ माणसं गेली, हजारो घरं पडली. सरकारने लोकांना कार्ड दिली, नुकसानीप्रमाणे पंधराशे, तीन हजार किंवा सात हजार फिजी डॉलरची, हार्डवेअरच्या दुकानात जायचं आणि सामान घ्यायचं. कल्पना चांगली, कारण रोख हातात दिली तर आधी दुकानाची उधारी फिटते. अडचण ही झाली की सगळे एकदम दुकानात गेले, सामान संपलं, लोक महिनोनमहिने थांबले. शिवाय सामान मिळालं म्हणजे ते नीट बसवता येतंच असं नाही. माझं म्हणणं एवढंच की मदतीच्या याद्यांमध्ये पत्रे आणि सिमेंटच्या गोण्या मोजतात, तसे हुक, वायसर आणि पट्ट्या पण मोजा, आणि प्रत्येक गावात दोन सुतारांना आठवडाभर शिकवून त्यांना रोजंदारी द्या. घराच्या खर्चात ही चिल्लर आहे. पण चिल्लरचं उद्घाटन करता येत नाही, फीत कापायला हुक कोणी ठेवत नाही, म्हणून ती यादीत येत नाही.

मावशीचं काय झालं ते सांगून थांबतो. निसर्गनंतर पंचनामा झाला, घराचा उतारा मागितला, उतारा निघाला काकांच्या आजोबांच्या नावावर, खाली सतरा वारस, त्यातले अकरा मुंबईत, दोन बडोद्याला, एक दीर असा की पंचवीस वर्षं बोलणंच नाही. कुठल्यातरी टेबलावर तो कागद थांबला तो थांबलाच. थोडे पैसे मिळाले, त्यात पत्रे आले. मग भिशी लागली त्यातून तिने समुद्राकडचा पाखा नीट करून घेतला, नवी रीप, जे-हुक, वायसर, कडेला दाट, मी स्वतः उभा राहून मोजलेत. पडवीचं छप्परही वेगळं काढलं. डोंगराकडचा पाखा अजून जुन्याच खिळ्यांवर आहे, कारण कर्ज काढायचं तर नाव पाहिजे आणि नाव लागायचं तर सह्या पाहिजेत, सोळा झाल्यात, एक राहिली आहे.

मागच्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा तिला कास्काव्हेलच्या आजींची गोष्ट सांगितली, डोळा कसा येतो, वारा कसा थांबतो आणि मग कसा पाठीमागून येतो, म्हणून म्हटलं मावशी, अर्ध्या छपराला हुक मारून भागत नाही, तो उलटा फिरला की डोंगराकडून उचलणार. ती कोकमं फोडत होती, मान वर न करता म्हणाली, "मग त्या वाऱ्याला सांग, येताना भावोजींची सही घेऊन ये."